रंगूनचा उडीद आणि थेन सेन

डाळमिलच्या हिशोबाला बसणाऱ्या माणसाला ब्रह्मदेशाच्या राजकारणाशी काय करायचं असं आमच्याकडे येणारे पाहुणे विचारतात, पण जळगावात गोष्ट उलटी आहे, इथे एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कोणी ना कोणी रंगूनचा भाव बोलत असतो, उडदाचा साधा माल म्हणजे एफएक्यू काय निघाला, वरचा माल म्हणजे एसक्यू काय निघाला, बर्माची लेमन तूर भावात किती तुटली. आपला उडीद देशाला पुरत नाही आणि जो कमी पडतो तो जवळपास सगळा बर्मातून येतो, म्हणून तिकडे सरकार उलथलं की इकडे शेठ लोक मोबाईल कानाला लावून गोडाऊनमध्ये फेऱ्या मारायला लागतात. १ फेब्रुवारी २०२१ ला तेच झालं. लष्कराने सत्ता घेतली, इंटरनेट बंद, बँका बंद, रंगूनच्या एजंटला फोन लागेना आणि मिलमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, चेन्नईचे कंटेनर निघाले का नाही.

त्या दिवसांपासून मला म्यानमारबद्दल जे दिसेल ते वाचायची खोड लागली. लोकशाहीसाठी लढलेली सू ची सगळ्यांना माहिती आहे, २०२१ ला सत्ता घेणारा लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग आता माहिती झाला, पण मला खरा गुंतवून ठेवणारा माणूस वाटला तो या दोघांच्या मधला, थेन सेन. चष्मा, बारीक आवाज, हृदयाला पेसमेकर, फोटोत कायम अवघडून उभा राहिलेला, बघितलं तर तहसील कचेरीतून रिटायर झालेला अव्वल कारकून वाटेल. आणि हाच माणूस बर्माच्या लष्करात जनरल होता, मग पंतप्रधान, मग राष्ट्रपती, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा निवडणूक हरल्यावर खरोखर घरी जाणारा लष्करवाल्यांचा नेता.

जन्म १९४४ चा, इरावती नदीच्या मुखाजवळच्या क्यॉन्कू नावाच्या गावात, घरची जमीन नाही. हा इरावतीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे भाताचं कोठार, आणि आमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे भात कापला की तिथे त्याच ओलीवर उडीद टाकतात, पाणी द्यायचं काम नाही. ज्या उडदाचे कट्टे आमच्या मिलमध्ये उतरतात त्यातला बराच माल याच पट्ट्यातला आणि बाजूच्या बागोमधला. शेठ मुठीत घेऊन आधी फुंकर मारतात, किती भुसा उडतो ते बघतात, मग दोन दाणे दाढेखाली धरतात, कट्ट असा आवाज आला तर माल कोरडा, दबला तर गाडी बाजूला लावा. मशीन आहे ओलावा मोजायचं, तरी दाढ आधी.

तर हा पोरगा सैन्यात गेला. गरीब घरातून वर जायचा तिथे तोच एक रस्ता होता. पिन ऊ ल्विनच्या डिफेन्स सर्व्हिसेस अकॅडमीतून १९६८ ला तो बाहेर पडला, नववी बॅच. मंडालेहून घाट चढून गेलं की हे गाव लागतं, इंग्रज त्याला मेम्यो म्हणायचे. आपल्या लोकांना मंडाले म्हटलं की टिळकच आठवतात, सहा वर्षं होते तिथे तुरुंगात, आणि त्यांचा शेवटचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत येऊन मेला, म्हणजे इंग्रजांनी दोन्हीकडची माणसं अदलाबदल करून ठेवली होती. असो, विषय भरकटतो.

थेन सेन फौजेत आला तेव्हा ने विनचं राज्य होतं. या ने विनने १९६२ ला सत्ता घेतली, दुकानं-गिरण्या-बँका सगळं सरकारी केलं, लाखो भारतीय लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी परत यावं लागलं, आणि १९८७ ला तर हद्द केली, २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एका दिवसात रद्द, बदल्यात काहीच नाही. त्यानंतर ४५ आणि ९० च्या नव्या नोटा काढल्या, कारण साहेबांचा ९ आकड्यावर विश्वास. आपल्याकडे नोटबंदीत लोक निदान लाईनीत उभे तरी राहिले. पुढच्याच वर्षी म्हणजे १९८८ ला देश पेटला, विद्यार्थी रस्त्यावर, हजारो माणसं मेली, सप्टेंबरमध्ये लष्कराने नवीन नावाने परत सत्ता घेतली. थेन सेन तेव्हा मेजर होता. त्याच लष्करी राजवटीने पैशासाठी कडधान्याचा व्यापार खाजगी लोकांना मोकळा केला, तांदूळ मात्र कितीतरी वर्षं सरकारच्या मुठीत ठेवला, आणि तिथून पुढे बर्माचा उडीद-तूर भारतात भरभरून यायला लागली. म्हणजे जळगावच्या कितीतरी मिलचा धंदा ८८ च्या त्या गोळीबारानंतरच्या धोरणावर उभा आहे, हे मला कळलं तेव्हा जरा कसंतरीच झालं.

आता हा माणूस वर कसा गेला ते बघा. मोठी लढाई जिंकली असं काही नाही. नव्वदच्या दशकात वॉर ऑफिसमध्ये फाईली, मग १९९७ ला शान राज्यात केंगतुंगला त्रिकोणी विभागाचा कमांडर, म्हणजे अफूच्या गोल्डन ट्रँगलच्या तोंडावर, तिथून २००१ ला ॲडज्युटंट जनरल, २००३ ला सत्ताधारी मंडळाचा दुसरा सेक्रेटरी. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये गुप्तचर खात्याचा बाप आणि तेव्हाचा पंतप्रधान खिन न्युंट याला स्वतःच्याच लोकांनी उचलून घरात कोंडलं आणि त्या गडबडीत आपला थेन सेन पहिला सेक्रेटरी झाला. दोन तालेवार भांडले की तिसरा मवाळ माणूस खुर्चीवर बसतो, आपल्याकडे विकास सोसायटीत हे दर पाच वर्षांनी होतं, दोन्ही पॅनलला वाटतं हा आपल्याला विचारल्याशिवाय सही करणार नाही. सर्वोच्च जनरल थान श्वेला पण तसंच वाटत असणार. पैसे खात नाही, गट करत नाही, सांगितलं ते करतो. त्या राजवटीत पैसे न खाणारा जनरल ही तशी दुर्मिळ गोष्ट, त्याच्याबद्दल परदेशी वकिलातीवाले पण हे बोलायचे.

पण मवाळ म्हणजे निरुपद्रवी नव्हे, इथे मी त्याचे गोडवे गाणाऱ्यांशी भांडतो. राज्यघटना लिहायला जे अधिवेशन भरवलं होतं त्याचा अध्यक्ष हाच. ते अधिवेशन १९९३ ला सुरू झालं, ९६ ला गुंडाळलं, २००४ ला रंगूनबाहेर एका छावणीत परत बसवलं आणि २००७ च्या सप्टेंबरमध्ये संपलं. हजारावर प्रतिनिधी, बहुतेक लोकांनी निवडून दिलेले नव्हे, सरकारने वेचून घेतलेले, आणि कायदा असा की या अधिवेशनावर बाहेर टीका केली तर वीस वर्षांपर्यंत जेल. त्यातून जी घटना निघाली तिच्यात संसदेच्या चौथाई जागा गणवेशातल्या माणसांना, गृह, संरक्षण आणि सीमा ही तीन खाती लष्करप्रमुख देईल त्यांना, आणि घटनेची महत्त्वाची कलमं बदलायची तर पंचाहत्तर टक्क्यांच्या वर मतं पाहिजेत. गणित तुम्हीच करा. चौथाई लष्कराची, म्हणजे त्यांच्या एका तरी माणसाने हात वर केल्याशिवाय काही हलणार नाही. हे कुलूप थेन सेनच्या देखरेखीखाली बसलं.

अधिवेशन संपत होतं त्याच महिन्यात भिक्षू रस्त्यावर उतरले. ऑगस्टमध्ये सरकारने इंधनाचे भाव एका रात्रीत वाढवले, डिझेल दुप्पट, गॅस पाचपट, बसचं भाडं परवडेना. पंतप्रधान सो विन आजारी म्हणून थेन सेन हंगामी कारभार बघत होता, भिक्षूंवर काठ्या आणि गोळ्या चालल्या, ऑक्टोबरमध्ये सो विन वारला आणि हा कायमचा पंतप्रधान.

मग आलं नर्गिस. २ आणि ३ मे २००८. चक्रीवादळ नेमकं इरावतीच्या मुखावर, याच्या स्वतःच्या मुलखावर, समुद्राचं पाणी गावंच्या गावं घेऊन गेलं, मेलेले आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार. मदत समितीचा प्रमुख कोण तर थेन सेन. आणि सरकारने काय केलं, परदेशी मदतवाल्यांचे व्हिसे अडवले, अमेरिका आणि फ्रान्सची जहाजं किनाऱ्याबाहेर तिष्ठत राहिली आणि शेवटी परत गेली, आणि वादळानंतर आठवडाभरात, १० मेला, त्या घटनेवर जनमत घेऊन टाकलं. फक्त वादळाच्या भागात दोन आठवडे पुढे ढकललं. निकाल काय, ९२ टक्क्यांवर हो. प्रेतं पाण्यात तरंगत असताना ९२ टक्के. काही लोक लिहितात की नर्गिसने हा माणूस आतून बदलला, आपल्या गावाकडची ती दशा बघून त्याला कळलं की हे सरकार काही करू शकत नाही. असेल बुवा. माणूस बदलला असेल तर त्या वेळी निदान व्हिसे तरी सोडायचे होते.

२९ एप्रिल २०१० ला त्याने गणवेश उतरवला, सोबत वीसेक बाकीचे अधिकारी. लगेच पक्ष, युनियन सॉलिडॅरिटी अँड डेव्हलपमेंट पार्टी. पक्ष म्हणजे लष्कराने १९९३ ला काढलेल्या संघटनेलाच नवीन पाटी, ऑफिसं-जमिनी-सभासद सगळं तयार. ७ नोव्हेंबरला निवडणूक, सू ची नजरकैदेत, तिच्या पक्षाचा बहिष्कार, थेन सेन नवी राजधानी नेपिडोच्या एका मतदारसंघातून ९१ टक्के मतांनी निवडून आला. कसा आला विचारू नका. निवडणूक उरकल्यावर सहाव्या दिवशी सू चीला सोडलं. सगळ्यांना वाटत होतं राष्ट्रपती होईल श्वे मान, तो तिसऱ्या नंबरचा जनरल, लढलेला, महत्त्वाकांक्षी. थान श्वेने नेमका म्हणूनच त्याला सभापती केलं आणि पुढे केला थेन सेनला. ३० मार्च २०११ ला शपथ झाली. त्याच दिवशी मिन आँग ह्लाइंग लष्करप्रमुख झाला, ही गोष्ट त्या वेळी फार कोणाच्या डोळ्यात भरली नाही.

आणि इथून पुढची दोन वर्षं मात्र खरोखर कमाल आहेत, मी कितीही वाकडं बोललो तरी. शपथेच्या भाषणातच गरिबी आणि भ्रष्टाचार हे शब्द, तिथल्या राष्ट्रप्रमुखाच्या तोंडून लोकांनी असं ऐकलंच नव्हतं. आर्थिक सल्लागार नेमला ऊ मिंट, जो सू चीच्या ओळखीतला. ऑगस्टमध्ये सू चीला नेपिडोला बोलावून घेतलं आणि तिच्यासोबत फोटो काढला तो तिच्या वडिलांच्या, स्वातंत्र्यलढ्याचा नेता आँग सानच्या तसबिरीखाली, ज्या तसबिरी वीस वर्षं हळूहळू भिंतीवरून उतरवल्या होत्या. ३० सप्टेंबरला चीनला झटका, उत्तरेकडच्या कचिन राज्यातलं मित्सोन धरण, साडेतीन अब्ज डॉलरच्या वरचं काम, इरावतीच्या उगमावर, वीज बहुतेक चीनला जाणार, ते थांबवलं, कारण दिलं की जनतेची इच्छा नाही. बीजिंगला हे कोणी सांगत नसतं. पुढच्या जानेवारीत शेकडो राजकीय कैदी सुटले, त्यात ८८ चे विद्यार्थी नेते, आणि नजरकैदेतला खिन न्युंट पण. १ एप्रिल २०१२ ला पोटनिवडणूक, ४५ जागा, सू चीच्या पक्षाने ४४ लढवल्या आणि ४३ जिंकल्या, आणि सरकारने निकाल मान्य केला. ऑगस्टमध्ये छापायच्या आधीची सेन्सॉरशिप गेली. नोव्हेंबरात ओबामा रंगूनला.

मला हिशोबाचा माणूस म्हणून सगळ्यात भारी वाटली ती मात्र दुसरीच गोष्ट, तिच्यावर कोणी बोलत नाही. क्यातचा भाव. सरकारी कागदावर एका डॉलरला सहाच्या आसपास क्यात आणि बाजारात आठशे. वाचून मी परत परत तपासलं, सहा आणि आठशे. आता तुम्ही सरकारी कंपनी आहात, गॅस विकून डॉलर आणले, वहीत सहाने जमा दाखवले, मधला फरक कुठे गेला ते विचारणार कोण? शॉन टर्नेल नावाचा ऑस्ट्रेलियन अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं हेच ओरडून सांगत होता (त्याला पुढे २०२१ च्या राजवटीने जेलमध्ये टाकला, दीड वर्षाच्या वर होता आत). अशी दोन खाती ठेवली तर आमच्याकडे जीएसटीवाले गेटवर येऊन बसतील. १ एप्रिल २०१२ ला थेन सेनच्या सरकारने हे बंद केलं, क्यात बाजारावर सोडला, सुरुवातीचा भाव ८१८. त्याच्या आधीच्या वर्षी क्यात वधारून निर्यातदार मरायला लागले तेव्हा कडधान्याच्या निर्यातीवरचा कर पण काही काळ माफ केला होता. आमचे आप्पा, म्हणजे दलाल, चाळीस वर्षांपासून याच धंद्यात, ते सांगतात की त्या सुमारास रंगूनवाल्यांशी बोलायची रीतच बदलली, आधी सिंगापूरच्या मार्फत पैसे, सिंगापूरच्या मार्फत कागद, फोनवर दोन मिनिटांत काम आटोपायचं. मग २०१४ ला तिथे सिमकार्ड दीड डॉलरला मिळायला लागलं, जे आधी हजारावर डॉलरला मिळायचं, आणि तिकडचे एजंट व्हॉट्सॲपवर मालाचे फोटो पाठवायला लागले, गुड मॉर्निंगसकट.

पण त्याच २०१२ ला पश्चिमेकडच्या राखाइन राज्यात दंगल उसळली, जूनमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये परत, लाखाच्या वर लोक छावण्यांत गेले, बहुतेक रोहिंग्या मुसलमान, आणि थेन सेनने संयुक्त राष्ट्रांच्या माणसाला सांगितलं की यांना छावणीत ठेवा नाहीतर कोणत्या तरी तिसऱ्या देशात पाठवा. छावणीत ठेवा! आणि यातला नीचपणा असा की २०१० च्या निवडणुकीत याच्याच पक्षाने त्यांची मतं घेतली होती, तात्पुरतं पांढरं कार्ड असलेल्यांना मतदान करू दिलं होतं, रोहिंग्या माणूस पक्षाच्या तिकिटावर खासदार झाला होता. २०१५ ला तीच पांढरी कार्डं रद्द केली, मत गेलं, आणि त्या खासदाराला उभंच राहू दिलं नाही. सुधारक म्हणून ज्याचे फोटो जगभर छापले त्याच्याच सहीने त्या वर्षी धर्माच्या नावावर लग्न-मुलं-धर्मांतराचे चार कायदे झाले. २०१७ ला पुढे जे झालं, सात लाखांवर लोक बांगलादेशात पळाले, तेव्हा हा सत्तेत नव्हता, पण रान तापवलं होतं ते याच्या काळात.

२०१५ चा ऑगस्ट पण बघण्यासारखा आहे. श्वे मान सू चीच्या जवळ जात होता, घटनादुरुस्तीला हवा देत होता, पक्षाचा अध्यक्ष पण तोच. जूनमध्ये ती पंचाहत्तरची अट सत्तरवर आणायचा ठराव संसदेत आला आणि अर्थातच पडला, कुलूप व्यवस्थित चाललं. आणि मग ऑगस्टमध्ये एका रात्री नेपिडोच्या पक्ष कार्यालयाला सुरक्षा दलांनी गराडा घातला, सकाळी श्वे मान माजी अध्यक्ष. हे केलं थेन सेनच्या गटाने. हा तोच मवाळ कारकून बरं का.

८ नोव्हेंबर २०१५, निवडणूक, सू चीचा पक्ष अक्षरशः झाडून सगळीकडे, थेन सेनच्या पक्षाचा धुव्वा. तो स्वतः उभाच नव्हता. अभिनंदन केलं, पाच महिने शांतपणे कारभार हस्तांतरित केला, ३० मार्च २०१६ ला सू चीच्या पक्षाच्या टिन चॉला राष्ट्रपतीपदाची शपथ झाली आणि हा थोडे दिवस डोकं भादरून विहारात भिक्षू होऊन बसला, तिकडे तशी पद्धत आहे.

इथे आप्पांचं आणि माझं जमत नाही. आप्पा म्हणतात, "अरे भो, सोडली ना त्यानं खुर्ची? १९९० ला सू ची जिंकली तेव्हा कोणी सोडली होती का? आपल्याकडे सोसायटीची सोडून दाखव म्हणा." मी म्हणतो आप्पा, सोडली, पण काय सोडलं ते बघा. गृह लष्कराकडे, सीमा लष्कराकडे, चौथाई संसद लष्कराकडे, तेव्हा खुर्ची द्यायला काय जातं. आप्पा म्हणतात तू वही बघतो, मी माणूस बघतो. ते उडदाच्या बाबतीत पण असंच करतात आणि बहुतेक वेळा बरोबर निघतात, हे मान्य आहे. पण थेन सेनच्या बाबतीत मी वहीवरच ठाम आहे, कारण २०२१ ला ती वहीच उघडली गेली. लष्कराने राष्ट्रपतीला पकडलं, मग घटनेप्रमाणे उपराष्ट्रपती मिंट स्वे हंगामी राष्ट्रपती झाला, हा लष्कराने बसवलेला, थेन सेनच्या काळात रंगूनचा मुख्यमंत्री होता, आणि त्याने आणीबाणी जाहीर करून सगळी सत्ता मिन आँग ह्लाइंगला देऊन टाकली. सगळं कलमानुसार, निदान कागदावर तरी, आणि ते कलम थेन सेनच्याच अधिवेशनातलं.

आणि खान्देशच्या बाजूने बघायचं तर आणखी वाईट वाटतं. भारत सरकारने २०२१ च्याच जूनमध्ये म्यानमारशी करार केला, पाच वर्षं दर वर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घ्यायची. डाळ महाग झाली की सरकारं पडतात, तेव्हा गणवेशवाल्यांशी करार करायला आपल्याला काही वाटलं नाही, आणि मिलमध्ये बसून मी काय नाक मुरडणार, माझा पगार त्यातच आहे. आमच्या गावाकडचा उडीद पोळ्याच्या पुढे-मागे निघतो, नेमका पाऊस लागतो, शेंगा भिजतात, मार्केटला न्यावा तर व्यापारी म्हणतो बर्माचा कोरडा माल आलेला आहे, तुझा डागी. माझा मोठा भाऊ शेती करतो, त्याच्या घरी कळण्याच्या भाकरीला उडीद स्वतःच्याच शेतातला लागतो, बर्माचा चालत नाही, चव नाही म्हणतो. राजकारण म्हणून नाही, भाव पाडतात म्हणून राग.

थेन सेन २०२१ नंतर काय बोलला तर काही नाही. ज्याने सेन्सॉरशिप उठवली, कैदी सोडले, त्याच्या डोळ्यांदेखत सगळं उलटं फिरलं आणि साधा एक निषेधाचा शब्द नाही, उलट लष्कराच्या समारंभांना हजर. २०२४ च्या जूनमध्ये चीनने पंचशीलाच्या, म्हणजे देशादेशांतल्या शांततेच्या पाच तत्त्वांच्या, सत्तर वर्षांचा कार्यक्रम केला त्याला म्यानमारकडून गेला तो हाच, ज्याने मित्सोन थांबवून चीनला तोंडावर नाही म्हटलं होतं, वय ऐंशी, कोट-टायमध्ये तसाच अवघडून उभा. फोटो मी आप्पांना दाखवला. ते म्हणाले, "तब्येत बरी दिसते," आणि लेमनचा भाव विचारला.